सुनेचा हुकूम

सासूबाईंना माती दिली, तरी रोज दुपारी जेवणं उरकली की स्वयंपाकघरातून भांडी घासल्याचा आवाज यायचाच. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, आवाज हटेना. पुन्हा आले तेव्हा ते सुनेला म्हणाले, "आता तू जा, पोरी. ख्रिस्ताने एकट्या मला नाही, आपल्या सगळ्यांनाच राजे आणि याजक केलंय. राजासारखा हुकूम दे, जाईल ती."

"ही हुकूम देणार?" नवरा म्हणाला. "हिला दूधवाल्याला नको म्हणता येत नाही."

"मग तुम्ही जाता का?" तिने नवऱ्याला विचारलं.

तो दाराकडे सरकला. "आज थांबलं नाही, तर मी हे घर सोडतोय. सांगून ठेवतो."

ती आत गेली. नळ वाहत होता आणि सिंकमध्ये करपलेला टोप आपला आपणच फिरत होता. थोडा फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा. 'निघून जा' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण ते थांबणं तिच्या ओळखीचं होतं. दम लागला की सासूबाई अशाच थांबायच्या, आणि त्यांना तिथून बाजूला व्हा म्हणणारं या घरात कुणी नव्हतं.

"पुरे, आई," ती म्हणाली. "उरलेली मी घासते. तुम्ही बसा आता."

टोप थांबला. नळ बंद झाला. तिने खांद्यावरचा टॉवेल पुढे धरला. त्यावर आधी एक ओला पंजा उमटला, मग दुसरा, आणि दोन्ही हळूहळू वाळत गेले.