वरची पट्टी

पडदा उघडायची वेळ झाली आणि व्हायोलिनवाली पुन्हा पुन्हा तारा जुळवून पाहू लागली. ब्लूग्रास हे अमेरिकी लोकसंगीत गाणाऱ्या आत्यांच्या मंडळीत तिचा पहिलाच कार्यक्रम. जुना वादक आजारी पडला म्हणून तिला ऐन वेळी बोलावलं होतं. तालीम नव्हतीच. कार्यक्रमाच्या दिवशी मंचावर जाईपर्यंत आत्या गळ्यातून सूर काढत नसत.

"पहिल्या दिवशी सगळ्यांचेच पाय लटपटतात," बॅन्जोवाले काका म्हणाले. "माझे अजून लटपटतात, पण ते वयामुळे."

"गाणी येतात ना?" गिटारवाल्याने विचारलं. तो आत्यांचा सख्खा भाचा. त्याच्यामुळेच सगळे त्यांना आत्या म्हणत.

"रेकॉर्ड ऐकून ऐकून तोंडपाठ झालीत."

"मग झालं तर. सुरुवात तुझी एकटीची, मागोमाग आम्ही."

मंचावर मधोमध एकच माईक. ज्याची पाळी त्याने पुढे सरकायचं, बाकीच्यांनी मागे. ती पुढे झाली आणि आत्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची सुरावट रेकॉर्डवर होती तशीच्या तशी वाजवली.

वाजत छान होतं. सहज तिने बाजूला पाहिलं. भाच्याचा हात तारांवर अधांतरी थांबला होता. मग त्याने घाईघाईने गिटारच्या दांडीवरचा, पट्टी बदलणारा चिमटा वर सरकवला. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. रेकॉर्डवर गाणारी बाई तिशीतली होती. माईककडे येणारी सत्तरी ओलांडलेली. गाणं केव्हाच खालच्या पट्टीत उतरवलं असणार, आणि घरातल्या दुखण्यासारखं तेही कुणी बोलून दाखवत नसणार. आता थांबलं तर भरल्या सभागृहाला कळणार. नाही थांबलं तर तिसऱ्या ओळीत तो वरचा सूर, ज्यासाठी ही सगळी माणसं आली होती. इतकी भीती तिला आयुष्यात वाटली नव्हती.

आत्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याच पट्टीत त्या गाऊ लागल्या. पहिली ओळ निभावली. दुसरीत आवाज खरखरला. भाच्याने मान खाली घातली. तिसऱ्या ओळीला आत्या माईकपासून दोन पावलं मागे सरल्या. संपलं, असं तिला वाटलं.

पण सूर आला. बारीक, कडेला फाटलेला, तरी जागेवर.

टाळ्या थांबेनात. लोकांना अभिवादन करताना आत्यांनी तिचा दंड धरला.

"चुकलं माझं, आत्या," ती पुटपुटली. "पुढचं खालून घेते."

"नको. पुढचंही वरूनच घे."

पुढच्या गाण्यातला सूर याहून वरचा होता. दोघींनाही ते ठाऊक होतं. टाळ्या विरल्या. भाचा सुरुवातीची वाट पाहत तिच्याकडे बघत राहिला. आत्यांचा हात मात्र अजून तिच्या दंडावरच होता, बर्फासारखा गार. त्यांनी तो सोडल्याशिवाय तिला गज उचलता येत नव्हता.