आईने दाखवलेला तुकडा

आईने बोट दाखवलं तो तुकडा यंत्राच्या हाताने अलगद उचलला, तिने सांगितलेल्या जागी नेला आणि दाबला. तो बसला नाही. हाताने पुन्हा दाबून पाहिलं, मग तुकडा तसाच अर्धवट ठेवून तो मागे झाला.

"नवीन आहे अजून, शिकेल," आई म्हणाली. मुलीने मान डोलावली.

हा हात बनवण्यात तिचा सगळा उन्हाळा गेला होता. औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं खोक्यांत भरणारी यंत्रं बसवायची, ही तिची नोकरी. तिथला एक भंगारात निघालेला हात साहेबांना मस्का लावून तिने आईबाबांच्या घरी आणला होता. त्याच्या टोकाला रबराची इवलीशी वाटी बसवली होती, हवा ओढून तुकडा उचलणारी. वर कॅमेरा टांगला होता. आईने नुसतं बोट दाखवायचं, आधी तुकडा, मग जागा. बाकीचं यंत्र बघून घेणार. आईने सकाळीच त्याला जावई म्हणायला सुरुवात केली होती. लग्न काही केलं नाहीस, पण जावई गुणी आणलास, उलट बोलत नाही, असं म्हणून ती हसली होती.

आईचे हात थरथरायला लागले होते, एवढंच. डोकं अगदी तल्लख आहे, असं बाबा दर वेळी फोनवर सांगायचे. आणि जिगसॉच्या, म्हणजे तुकडे जुळवून चित्र पुरं करण्याच्या बाबतीत आईचा हात धरणारं घरात कोणी नव्हतंच. आत्ता टेबलावर पसरलेला जिगसॉ तिने हट्टाने मागवला होता. धुक्यातलं सरोवर. होडी नाही, झाड नाही, सगळा राखाडी पसारा.

मुलगी टेबलाच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसली होती. आईने दाखवलेला तुकडा त्या जागी बसेल का, हे कॅमेरा स्वतःही ताडून बघायचा. यंत्र नीट बघतंय ना हे कळावं, म्हणून तिने ती सोय ठेवली होती. पडद्यावर तुकड्याभोवती लाल रेघ उमटली होती, म्हणजे बसणार नाही. आईने दुसरा तुकडा दाखवला. लाल. त्यानंतरचाही लालच. मुलीने कॅमेऱ्याची काच पुसली, दिवा सरकवला, वायरी हलवून पाहिल्या. सगळं ठाकठीक होतं. मग आईने एक सरळ कडेचा तुकडा निवडला, जो चौकटीला लागूनच बसणार हे लहान मूलही सांगेल, आणि जागा दाखवली ती भर मधोमध. हाताने तो इमानेइतबारे तिथे नेऊन दाबला.

दोष यंत्राचा नव्हता.

पाणी प्यायचं निमित्त करून ती स्वयंपाकघरात गेली. बाबा ओट्याशी भांडी विसळत होते. तिने हळूच सांगितलं की प्रश्न हातांचा नाहीच, आईला तुकडे दिसतात, पण उमगत नाहीत. बाबांना नवल वाटलं नाही. त्यांनी नळही बंद केला नाही.

"ती झोपली की चुकीचे मी काढतो," ते म्हणाले. "थोडे नीट लावून ठेवतो. सकाळी उठून म्हणते, काल बरंच झालं की. तू यंत्र करतेस म्हणालीस तेव्हा वाटलं, आता मी सुटलो."

मग आधी का नाही सांगितलं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांची वाकलेली मान बघून ती तशीच मागे फिरली.

परत येऊन ती लॅपटॉपपाशी बसली. बदल करायला फार काही लागलं नाही. थोडं खोडलं, थोडं लिहिलं. आता कॅमेऱ्याला आईचं बोट वर आलेलं दिसलं, की यंत्र आपल्या मनाने जुळणारा तुकडा शोधणार, उचलणार आणि त्याच्या जागी नेऊन बसवणार. सगळेच तुकडे राखाडी, कुणाला कळतंय, असं तिने स्वतःला समजावलं.

आईने बोट केलं. हात जरासा बाजूला वळला, एक तुकडा घेऊन आला, आणि तो चटकन बसला. आईचा चेहरा उजळला. पाठोपाठ आणखी एक बसला, मग आणखी एक. आईने बाबांना हाक मारली. ते ओले हात पुसत दारात येऊन उभे राहिले आणि वा वा म्हणाले. आपण चांगलं केलं, असं मुलीला क्षणभर वाटून गेलं.

मग आई थांबली. नुकत्याच बसलेल्या तुकड्यावरून तिने हात फिरवला. जिथून तो उचलला होता ती रिकामी जागा बघितली. थरथरतं बोट तिने सावकाश वर केलं आणि खिडकीकडे दाखवलं.

हात वळला. त्याने एक तुकडा उचलला आणि बसवला.

तिने दाराकडे बोट केलं, जिथे बाबा उभे होते. तुकडा बसला. बाबांनी खाली बघितलं.

शेवटी तिने मुलीकडे बोट केलं आणि तसंच धरून ठेवलं. मुलीला लॅपटॉप मिटवता येईना, की आईच्या नजरेला नजर देता येईना.

"जमतंय की मला," आई म्हणाली.

बोट तिच्यावर रोखलेलंच होतं, आणि यंत्र एकेक राखाडी तुकडा बिनचूक बसवत होतं.