पिवळी रेघ

केतकीने ताडपत्री बाजूला सारली, तेव्हा उन्मेषचा पाय गॅरेजच्या दारातच अडला. त्याने आणि शार्दूलने, दोघा मित्रांनी, सुटे भाग जोडून, रविवारमागून रविवार खपून उभी केलेली ती हलकी स्पोर्ट्स कार आता निम्मीच उरली होती. ट्रॅकवरच्या वळणावर पुढचं चाक निखळलं होतं आणि गाडी चालवणारा शार्दूल, केतकीचा नवरा, जागीच गेला होता.

त्यांच्या हौशी रेसिंग ग्रुपचा नियम साधा होता. चाकाचा बोल्ट पान्याने पक्का आवळायचा आणि मगच त्यावरून चाकापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला म्हणून समजायचं. त्या सकाळी उन्मेषने बोल्ट नुसते हाताने बसवले, रंग हाताशी होता म्हणून रेघाही ओढून टाकल्या, तेवढ्यात कुणीतरी पोह्यांसाठी हाक मारली. परत आला तर रेघा झळकत होत्या, म्हणून बोल्ट आवळून झालेत असंच त्याने धरलं. शार्दूलची पाठ थोपटून तो म्हणाला होता, "जा, बिनधास्त जा."

चाकाच्या जागी आता त्याचा एक तुटका तुकडा आणि त्यातला एकच बोल्ट शिल्लक होता. केतकी वाकून तो न्याहाळत होती.

"रेघ सरळ आहे, भावजी. तुम्ही तुमचं काम चोख केलं होतंत. लोक काहीबाही बोलतात, म्हणून एकदा डोळ्यांनी बघायचं होतं."

तिने बोल्टाकडे हात नेला. तो नुसत्या बोटानेही फिरेल, हे उन्मेषला ठाऊक होतं. त्याने तिचा हात घट्ट धरला आणि सोडलाच नाही.

त्याला रडू आवरत नाही असं तिला वाटलं. दुसरा हात ती कितीतरी वेळ त्याच्या पाठीवरून फिरवत राहिली.