रचलेली चूल

बाबांची रक्षा मांडीवर घेऊन नोरीन पहिल्यांदाच उत्तरेच्या त्या अफाट रानात आली. बाबा घर सोडून इथेच रमले, म्हणून आई या रानाला सवत म्हणायची. नोरीन त्याचं नावच घेत नसे.

बाबांचे इथले मित्र हेक्टरकाका यांनी आपलं छोटं विमान गोठलेल्या तळ्यावर उतरवलं. बाबांच्या खोपटाला कुलूप नव्हतं. आत लोखंडी चुलीत भूर्जाची साल, ढलप्या आणि वर सुकी लाकडं रचून ठेवलेली होती. शेजारी काडेपेटी. उत्तरेची रीतच ती. निघणाऱ्याने चूल रचून जायचं, कारण येणारा गारठलेला असतो.

नोरीन फणकारली. "वाटसरूंवर केवढा जीव! घरी आई कुडकुडत लाकडं फोडायची. आमच्यासाठी एकदा तरी चूल रचली का त्यांनी?"

"लाव काडी," काका म्हणाले. "का नाक वर करूनच गोठणारेस? अगदी बापावर गेलीस."

"ज्याच्यासाठी रचली असेल, त्यानेच लावावी."

काकांनी टोपी काढली. "पोरी, इथे तुझा बाप आणि मी सोडून कुत्रं फिरकत नाही. मी हसायचो त्याला, कोणासाठी एवढं रचतोस म्हणून. म्हणायचा, 'नोरीन रुसलीय माझ्यावर. पण येईल एक दिवस, आणि तिचे हात लहानपणापासून लवकर गारठतात.'"

नोरीनने हात काखेत दाबले. तिचे दात वाजत होते. शेवटी काकाच काडेपेटी घेऊन चुलीपुढे वाकले, तशी तिने ती त्यांच्या हातातून हिसकावून घेतली.

"हात लावू नका. माझी चूल आहे ती."