घे म्हटल्यावर

“मी घे म्हटल्याशिवाय जॅकच्या दांड्याला हात लावू नकोस,” गाडीच्या चाकावरच्या कमानीत उकिडवा बसलेला थोरला भाऊ धाकट्याला म्हणाला. खरं तर हे सांगायची गरज नव्हती. या गॅरेजचा तो एकच कायदा होता. ज्याचा हात आत, त्याचा शब्द. शब्द आला की दुसऱ्याने जॅक दाबायचा.

अवजड पिकअप पुढून लोखंडी घोड्यांच्या टेकूवर ठेवली होती, चाकं काढून भिंतीला लावली होती. मालक, एक ठेकेदार, दारात किल्ली फिरवत उभा होता. गाडी सारखी जमीन हुंगत चालल्यासारखी दिसते, पुढून दोन इंच उचलून मागच्या बरोबरीला आणा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. डावी बाजू झाली होती. उजवीकडे थोरल्याने स्प्रिंगच्या डोक्यावर जाड चकती ठेवली होती. आता जॅकने खालचा अ‍ॅक्सल वर घेतला की चकतीसकट स्प्रिंग वरच्या वाटीत जाऊन बसणार होती. मधे जेमतेम हात जाईल एवढी फट उरली होती.

“घे.”

धाकटा जॅकवरून उठला. गाडीला वळसा घालून आला, मोबाइलचा उजेड कमानीत टाकला, थोरल्याचा हात त्याच्या मांडीवर आहे हे पाहिलं, परत गेला आणि मग एक दाब दिला. दर वेळी त्याचं हेच चाललं होतं.

“असंच चालू राहिलं तर गाडी परवा मिळेल,” ठेकेदार हसून म्हणाला.

थोरल्याला ते झोंबलं. “दर वेळी काय बघायला येतोस रे? शब्द दिला ना मी?”

“दिलास की, दादा.”

धाकट्याच्या उजव्या हाताला अंगठ्यासकट तीनच बोटं होती. गेल्या साली अशाच कमानीत त्याचा हात होता आणि जॅकवर थोरला होता. घे, असं धाकटाच म्हणाला होता. कॉम्प्रेसरच्या धडधडीत त्याचं ओरडणं ऐकू येईपर्यंत थोरल्याने दोन दाब देऊन टाकले होते. तेव्हापासून जो विचारेल त्याला थोरला एकच सांगे, “हात आत ठेवून कुणी घे म्हणतं का? त्याचीच चूक.” आईलाही त्याने हेच ऐकवलं होतं. धाकट्याने ते कधी खोडून काढलं नाही, कारण ते खरंच होतं.

कोपऱ्यातला कॉम्प्रेसर सुरू झाला. ठेकेदाराने तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं.

“झालंच,” थोरला म्हणाला आणि मोठ्याने ओरडला, “घे!”

त्याच क्षणी चकती एका बाजूला घसरली. ती सरळ करायला त्याचा हात आपसूक आत गेला. बोटं चकती आणि वाटीच्या मधे पोचली, तेव्हा कुठे त्याला कळलं की शब्द तोंडातून सुटलाय. त्याने हात ओढला. हातमोजा चकतीच्या कडेत अडकला होता. थांब म्हणायला तोंड उघडलं, पण घशातून आवाजच फुटेना. त्याने डोळे घट्ट मिटले. 

दाब आला नाही.

डोळे उघडले तेव्हा कमानीत उजेड होता आणि उजेडामागे धाकट्याचा चेहरा.

“दादा, हात काढ आधी.”

धाकट्याने आपल्या तीन बोटांनी चकती उचलून धरली, हातमोजा सोडवला, चकती नीट बसवली. कपाळावर एक आठी नाही की ओठांवर हसू नाही. त्यापेक्षा तो हसला असता तरी थोरल्याला चाललं असतं.

“मी घे म्हणालो होतो,” थोरला कसाबसा म्हणाला.

“म्हणालास. ऐकलं मी.”

धाकटा वळसा घालून जॅककडे परत गेला. कॉम्प्रेसर आपोआप बंद पडला. ठेकेदाराची किल्लीही थांबली होती. थोरल्याने हात मांडीवर ठेवला आणि पाचही बोटं एकदा उघडून मिटली.

“म्हण, दादा,” पलीकडून आवाज आला.

थोरल्याने तोंड उघडलं. एवढासा शब्द, पण येईना. गाडीच्या पलीकडे, जॅकच्या दांड्यावर, तीन बोटं वाट पाहत राहिली.