दुपारी चालणारा माग

"खोली तं हाय, सर. पण रंग द्याचा हाय," शोभाताई म्हणाल्या.

सुगतनं भिंतीवरचा हात काढला. तळव्याला ओला पिस्ता रंग लागला होता. शोभाताईंनीही तो पाहिला.

"किती दिवस लागतीन, काकू?"

"आता रंगाचं काय सांगाव जी? सावकाश वाळते."

पवनीतलं हे अकरावं घर. लोक नाव विचारायचे, 'सुगत' ऐकायचे, आणि आडनावापर्यंत जायची पाळीच यायची नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, हे त्या तीन अक्षरांतच कळायचं. मग एकाकडे पाहुणे येणार असायचे, दुसऱ्याकडे नळ गळायचा. एकानं पोराच्या लग्नासाठी खोली राखून ठेवली होती. पोरगा चौथीत होता. सुगतनं त्याला शुभेच्छा दिल्या.

त्याच्या बायकोला, प्रतिक्षाला, आठवा संपत आला होता. घर कोंढ्यात, दवाखाना पवनीत, आणि मधला रस्ता असा, की डॉक्टरीणबाईंनी तिच्या तब्येतीआधी रस्त्याची चौकशी केली होती. "नवव्या महिन्यात इथंच येऊन राहा," त्यांनी बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात बी.ए.च्या वर्गावर, जिथं तो तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होता, नेमका दहा मार्कांचा प्रश्न आला. जुन्या भयकथेत भीती कशी निर्माण होते?

"लिहा," सुगत म्हणाला. खडू दोनदा मोडला. "पहिलं, भूत दाखवायचं नाही. दुसरं, आवाज रोजचाच, पण नको त्या वेळी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेखकानं जागा रिकामी सोडायची. वाचक ती आपल्याच मनातलं घालून भरतो."

"सर, रात्र पाहिजे ना पण?" पहिल्या बाकावरच्या खुशबूनं विचारलं.

"रात्री तं मांजरही भेव दाखवते. भर दुपारी दाखवाल तं खरं."

तास संपला तेव्हा त्याचा राग थंड झाला होता. थंड राग कामाला बरा पडतो.

शोभाताईंचं घराणं पिढीजात विणकरांचं. भाड्याच्या त्या खोलीत एका कोपऱ्यात जुना हातमाग अजून उभा होता. घरासमोर चंदनची चहाची टपरी. भर दुपारी सुगत तिथं जाऊन बसला.

"काकूंनी माग चालू केला का रे पुन्हा?" त्यानं चहा फुंकत विचारलं.

"नाही जी. म्हातारा गेला तसा बंदच हाय. सहा वर्षं झाली. काहून?"

"काही नाही. आता खटखट ऐकू आली. मले भास झाला असन."

आणि अर्धा चहा टाकून तो उठला. अर्धा चहा टाकणं ही त्याची स्वतःची भर. पुस्तकात ते नव्हतं.

पुढे त्याला काहीच करावं लागलं नाही. आठवड्याभरात अर्ध्या गल्लीनं खटखट ऐकली. बँकेतला एक साहेब सामान घेऊन आला, टपरीवर चहा प्यायला आणि सामानासकट परत गेला. विम्यावाल्यानं तर चहाही घेतला नाही. कोणी विचारलंच तर सुगत म्हणे, "मले काही माहीत नाही." त्यावर लोक जास्तच घाबरत.

"खोटं बोलून भेटलेल्या घरात लेकरू नेऊ?" प्रतिक्षानं विचारलं.

"खरं नाव अकरा घरी सांगून पाहिलं ना."

पाळण्याच्या दोऱ्या मग तिनंच बांधल्या.

तिसऱ्या आठवड्यात शोभाताईंचा फोन आला.

"सर, तुम्ही भुताले मानता?"

"नाही जी. आमच्यात नाही मानत."

"मीही नव्हती मानत. बरं, ते खोलीचं ठरलं एकदाचं. तुमच्यामुळंच ठरलं. उद्या दुपारी या, जेवायच्या वेळेले."

दुसऱ्या दिवशी टेम्पो निघाला. प्रतिक्षा पुढे ड्रायव्हरजवळ. मागे गादी, गॅस, पाळणा. धक्के लागू नयेत म्हणून बुद्धाची मूर्ती टॉवेलात गुंडाळून पाळण्यात ठेवलेली.

शोभाताईंनी खोलीचं दार उघडलं. रंग वाळला होता. कोपऱ्यातला माग पुसून लख्ख केला होता, त्यावर नवं सूत चढवलं होतं. मागासमोर पाट मांडलेला. पाटापुढे ताट. त्यात वरणभात, वांग्याची भाजी. बाजूला पाण्याचा तांब्या.

"तुम्ही बोलले नसते तं मले कळलंच नसतं जी," शोभाताईंचे डोळे भरून आले होते. "आमचे सासरे होत ते. वासुदेवराव. दुपारचं जेवण झालं का मागावर बसत. सहा वर्षं उपाशी ठेवलं मी त्याइले." त्यांनी डोळे पुसले, तेव्हा त्यांना टेम्पो दिसला. "हे सामान कोणाचं जी?"

"काकू, इथं कोणी नाही. ते खटखटीचं मीच उठवलं होतं."

शोभाताई समजूतदारपणे हसल्या. "मले रोज ऐकू येते, सर."

बाहेर प्रतिक्षा कमरेवर हात ठेवून, दांडीला धरून, हळूहळू टेम्पोतून उतरत होती. सुगतचा आवाज चढला.

"ठीक हाय! हाय तं हाय भूत! राहू आम्ही भुतासोबत. एका कोपऱ्यात राहू. त्याइले ताटही आम्हीच वाढू. आम्हाले चालते!"

शोभाताईंनी पाळण्यातल्या टॉवेलातून डोकावणाऱ्या मूर्तीकडे पाहिलं, मग मागाकडे. आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज खाली आणला.

"तुम्हाले चालन हो, सर. पण त्याइले नाही ना चालत."