हस बघू

मॅडमांपुढे दहा मिनिटं मान खाली घालून बसलं, की विश्वासचा बराच फायदा होता. त्याच्या चार वर्षांच्या मुलाचं, अनिमेषचं, नाव प्लेस्कूलमधून कटणार नव्हतं. ते कटलं नाही, की बायकोची, लतिकाची, मोहालीतली नवी नोकरी टिकणार होती. ती टिकली, की घरातली रोजची कटकट टळणार होती. आणि हे सगळं उरकून सेक्टर सतराच्या ऑफिसात साहेबांच्या मीटिंगला वेळेत पोचता येणार होतं. एवढ्यासाठी मान खाली घालायला त्याची काहीच हरकत नव्हती.

"देखिए, इस उमर के बच्चे मारते हैं जी, वो हम सँभाल लेते हैं," गिल मॅडम म्हणाल्या. "पर ये मारता है, और बच्चा रोए उससे पहले जेब से चॉकलेट निकालता है."

आज वर्गातल्या गुरनूरच्या डोक्यात अनिमेषने लाकडी ठोकळा हाणला होता, आणि लगेच तिच्या मुठीत चॉकलेट कोंबलं होतं.

"और एक बात पूछनी थी. ये 'हस बघू' क्या होता है?"

विश्वासने लतिकाकडे पाहिलं. लतिका भिंतीवरचे कागदी मोर पाहत होती.

"गाल पकड़कर यही बोलता है. बाकी सारा दिन हिंदी, बस ये एक चीज़ समझ नहीं आती. अब तो आधी क्लास बोलने लगी है."

"जी, मराठी है," विश्वास म्हणाला. "मतलब... स्माइल करो."

"अच्छा." मॅडम हसल्या नाहीत. "एक बार और हुआ, तो आप दूसरा स्कूल देख लीजिए."

गाडीत बसेपर्यंत विश्वासने दम धरला. मग सुटला.

"लाज नाही वाटत? डोकं फुटलं असतं तिचं! तुझ्यापायी आईला घरी बसावं लागेल, कळतंय का? आणि मी तिकडे सगळी कामं टाकून इथे..." स्टीअरिंगवर थाप बसली. मागच्या सीटवर अनिमेषने पाय पोटाशी घेतले.

"अजून मोठ्यांदा," लतिका म्हणाली. "मॅडमना नीट ऐकू गेलं नसेल."

"मग काय ओवाळू त्याला? तू बोल की!"

"मी कधी बोलू? साहेबांचं तुला बोलून झालं, की आमचाच नंबर असतो."

विश्वास स्वतःला तापट समजायचा, वाईट नाही. पोरावर त्याने कधी हात उगारला नव्हता. आणि ओरडला तरी मागे काही ठेवत नसे, जागच्या जागी मिटवून टाकायचा. लाइट पॉइंटच्या सिग्नलला गाडी थांबली तशी रागाची धग उतरली, आणि सवयीने हात डॅशबोर्डच्या कप्प्यात गेला. मागे वळून त्याने पोराच्या मांडीवर चॉकलेट ठेवलं. गाल धरला.

"हस ब..."

उरलेलं त्याने गिळलं. अनिमेषला तेवढं पुरलं. तो शहाण्यासारखा, दात दाखवून हसला. मग चॉकलेट न सोलताच दप्तराच्या पुढच्या कप्प्यात टाकलं आणि चेन ओढली.

"खा की रे," लतिका म्हणाली.

"कल लगेगा."

"गुरनूरला देणार?" विश्वासला जरा बरं वाटलं.

"नहीं, उसका तो हो गया. कबीर को."

"का? कबीरने काय केलंय?"

"अभी तो कुछ नहीं किया."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न धरला. विश्वास मीटिंगला वेळेत पोचणार होता, लतिकाची नोकरी आजच्यापुरती शाबूत होती, आणि दोघांच्या रागाचं मिळून जे काही फिटायचं राहिलं होतं, ते कबीरच्या नावावर पडलं होतं.